वापर कागदावर येऊ दे, मग कुदळ मार

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नगरपालिका हद्दीतला सहा गुंठ्यांचा भूखंड, बँकेने देऊन टाकलेला इसार, दसऱ्याला भूमिपूजन झालंच पाहिजे हा संचालकांचा आग्रह, आणि नगररचना विभागातल्या साहेबांनी उभ्या उभ्या सांगितलेलं ‘इथे बँकेची शाखा बसत नाही.’ एजंट म्हणतो, घराचा नकाशा मंजूर करून घ्या, पुढचं पुढे. अध्यक्ष म्हणतात, झोन बदलून आणू. तू विचारतेस, कुणाचं ऐकू?

कुणाचंच नको. आधी मला सांग, शाखा कशामुळे बसत नाही? चार पानी पत्रात हे एक वाक्य नाही. झोन (आराखड्यात त्या भागाला ठरवून दिलेला वापर), आरक्षण (बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) आणि रस्तारुंदी ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींचं औषध वेगळं, कार्यालय वेगळं, लागणारा वेळही वेगळा. साहेबांना कोणतं दुखणं दिसलं ते लेखी मागितलंस का? नसेल, तर उद्याच अर्ज दे: झोन दाखला, विकास आराखड्याचा भाग नकाशा, आणि भूखंडाला लागून असलेल्या रस्त्याची आजची व प्रस्तावित रुंदी. त्याच दिवशी भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भर, कारण ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात नसेल तर भाग नकाशावरच्या रेषा जमिनीवर कुठे पडतात ते कळणार नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, तिच्यावरचे सगळे फेरफार आणि ३० वर्षांचा शोध अहवाल हे वकिलाकडून घे. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन, अशी नोंद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहारच पुढे सरकणार नाही. मंजूर रेखांकनातला (ले-आउटमधला) भूखंड असेल तर त्या मंजुरीच्या अटी वाच, ‘फक्त निवासी’ ही अट बहुधा तिथेच सापडते.

वापर कागदावर येईपर्यंत त्या जमिनीत एक रुपया घालायचा नाही. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

एजंटचा मार्ग आधी निकालात काढू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दात बांधकामाबरोबर वापरातला बदलही येतो. घराच्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत काउंटर मांडलं की तोच अनधिकृत विकास. कलम ५२ खाली त्याला तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत, कलम ५३ खाली वापर थांबवण्याची नोटीस येते. भोगवटा प्रमाणपत्रावर (इमारत वापरायला मिळणाऱ्या दाखल्यावर) ‘निवासी’ लिहिलेलं असताना बँकेने ठेवीदारांचं सोनं तिथे ठेवायचं? रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या लॉकरविषयक सूचना काढून वाच. आग, चोरी किंवा इमारत कोसळून लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेला हात झटकता येत नाहीत. लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत जबाबदारी येते.

कायदा घटकाभर बाजूला ठेव, नुसतं वजन बघ. आतून ५ बाय ४ मीटरची स्ट्राँगरूम धर, ३ मीटर उंच. भिंती ३०० मिलिमीटर आरसीसी, छतही ३०० मिलिमीटर. भिंतींचं काँक्रीट साधारण १७ घनमीटर, छताचं पावणेआठ. मिळून २५ घनमीटर, म्हणजे ६२ टन. यात तळाची फरशी नाही, दार नाही, लॉकरची कपाटं नाहीत. दोन बेडरूमच्या घरासाठी काढलेल्या पायावर हे कसं टाकणार? काळी माती असेल आणि पाया मुरुमापर्यंत गेलेला नसेल, तर पहिल्या पावसाळ्यानंतर दाराची चौकट तिरकी होते आणि दार अडकायला लागतं. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला तो पाया कधी बघायचा नसतो.

आता झोन. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. निवासी झोनमध्ये काय चालतं हे तिथे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला वापरांची आखूड यादी, रुंद रस्त्यावरच्याला मिश्र वापराची मोठी. दाट वस्तीला आणि बाहेरच्या भागाला वेगळे आकडे आहेत, ९ मीटर आणि १२ मीटर हे त्यातले कळीचे. आराखड्यात रस्त्याची प्रस्तावित रुंदी दाखवली असेल तर तीही धरली जाते. म्हणूनच रस्त्याच्या दोन्ही रुंदी लेखी माग म्हटलं.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे: ‘शिवाय रस्तारुंदीत थोडी जागा जाते.’ ती तू तक्रार म्हणून लिहिलीस. मला तीच ओळ सगळ्यांत कामाची वाटली. समज, आजचा रस्ता ९ मीटर आहे आणि आराखड्यात १२. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना दीड दीड मीटर जाणार. तुझा दर्शनी भाग १८ मीटर असेल तर २७ चौरस मीटरची पट्टी नगरपालिकेला द्यायची. तिचा मोबदला चटईक्षेत्राच्या (बांधता येणाऱ्या जादा क्षेत्राच्या) रूपात किंवा टीडीआरने, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काने, मागता येतो, आणि उरलेला भूखंड १२ मीटरच्या रस्त्यावरचा ठरतो. झोन न बदलताच बँक बसायची शक्यता इथे आहे. पण ही शक्यता आहे, मंजुरी नव्हे. नगररचनाकाराच्या सहीने येईपर्यंत तिच्यावर वीट ठेवू नकोस. आणि पुढचं सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा, नव्या रस्तारेषेपासून मोजलं जातं, आजच्या कुंपणापासून मोजून काढलेला नकाशा परत येईल.

रस्ता खरोखरच अरुंद असेल आणि आराखड्यातही रुंद नसेल, तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे रस्ताच रुंद करून घेणे. महानगरपालिकांना त्यांच्या अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता. नगरपरिषदांच्या कायद्यातही रस्तारेषेची तरतूद आहे. पण एकट्या भूखंडाने रस्ता रुंद होत नाही, ओळीतल्या सगळ्यांनी पट्टी द्यावी लागते.

दुसरी वाट अध्यक्षांची, नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आराखड्यातला फेरबदल. ते ‘बदलून आणू’ म्हणतात तेव्हा त्यांना काय करावं लागणार आहे? नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, मग राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना, हरकतींना एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे, तिथे नगररचना संचालकांचा अभिप्राय, आणि शेवटी मंजुरीची अधिसूचना. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत असेल तर हे कलम वापरताच येत नाही. सहा गुंठ्यांच्या एका तुकड्यासाठी मागितलेला फेरबदल सहसा टिकत नाही, त्याच रस्त्यावरच्या शेजाऱ्यांसह मागितलेला टिकण्याची आशा असते. प्रस्ताव अडकतात ते बहुतेक वेळा साध्या गोष्टींवर: ठरावातला सर्व्हे नंबर आणि नकाशातला नंबर जुळत नाही, सूचनेसोबतचा नकाशा रंगवलेला नसतो, किंवा ठराव होतो पण प्रस्ताव पुढे पाठवलाच जात नाही. हे दसऱ्याआधी होणार नाही. पुढच्या दसऱ्याचंही वचन मी देणार नाही.

मागच्या कोपऱ्यावर बागेचं आरक्षण आहे म्हणतेस. आधी ‘क’ प्रतीवर ते टाकून किती चौरस मीटर जातात ते काढ. शाखेला तो कोपरा लागतच नसेल तर तेवढा भाग वगळून प्रस्ताव कर. भांडण हवंच कशाला? कोपरा हवाच असेल तर त्याच अधिनियमाचं कलम १२७: आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षं उलटलेली असली पाहिजेत, मग मालकाने नोटीस द्यायची, आणि नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीची पावलं झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. नोटिशीसोबत मालकी हक्काची कागदपत्रं जोडावीच लागतात. ती न जोडलेली नोटीस म्हणजे टपालखर्च. १० वर्षं आराखडा अंमलात आल्याच्या तारखेपासून मोजायची, प्रसिद्धीच्या नव्हे. नोटिशीआधी सुधारित आराखडा मंजूर झाला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते, म्हणून मुदत भरली असेल तर चालढकल नको. आणि व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत तो कोपरा बागच समज.

कुणीतरी तुला ‘६० दिवसांत उत्तर आलं नाही की मानीव परवानगी’, म्हणजे ती मिळाली असंच धरायचं, असंही सांगेल. कलम ४५ मध्ये ती आहे, पण तुझा नकाशा नियमावलीला आणि आराखड्याला धरून असेल तरच. झोनमध्ये न बसणाऱ्या वापराला साठ काय, सहाशे दिवस गप्प राहिलं तरी ती मिळत नाही. भिंती उभ्या राहिल्यावर हे कळण्यात काय अर्थ आहे?

मी कठोर बोलतोय, मला ठाऊक आहे. मंडळाच्या बैठकांमध्ये मी हेच बोलत आलो आणि ‘यांना कामं अडवायची सवय आहे’ हे ऐकत आलो. माझ्या टेबलावरून एकही शाखा घाईने गेली नाही हे खरं आहे, आणि ते मी कमीपणाचं मानत नाही. ठेवीदाराचा पैसा इमारतीत घालणाऱ्याला घाई करायचा हक्क नसतो. खंत एवढीच, की हा क्रम बँकेच्या कार्यपद्धतीत लेखी नियम म्हणून बसवून घ्यायला मी पुरेसा भांडलो नाही. तो नियम असता तर इसार देण्याआधी झोन दाखला आला असता आणि तुला हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

कागद हातात आल्यावर नकाशा कर, आणि तो बँकेचा नकाशा असू दे. उतरंडीपासून, म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पपासून, सुरू कर. जोतं ६०० मिलिमीटर असेल तर १:१२ उताराने ७.२ मीटर लांबी लागते, वर आणि खाली दीड दीड मीटर सपाट जागा धरली की १०.२ मीटर. समोरासमोर सरळ काढलीस तर ती रस्त्यात जाईल, इमारतीला समांतर काढ. पार्किंगच्या जागा त्याच वेळी आख, चारचाकीला २.५ बाय ५ मीटर. उतरंड नंतर घुसवली की पार्किंग कमी पडतं आणि भोगवटा अडतो.

गावाला नदी आहे, तेव्हा पूररेषा तपास. निळी रेषा नेहमीच्या मोठ्या पुराची, लाल रेषा त्याहून मोठ्या पुराची; निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच नको. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असशील तर जोतं लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर घ्यावं लागेल. मग वरचा उतरंडीचा हिशेब बदलतो, तो पुन्हा कर. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर बघितल्यावर तळमजल्यावरच्या लॉकरबद्दल मला कुणी पटवू शकत नाही. अशा जागी स्ट्राँगरूम पहिल्या मजल्यावर ने आणि ते ६२ टन खालच्या खांबांच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धर.

स्ट्राँगरूमच्या भिंतीत दोन्ही अंगांना, उभ्या-आडव्या, १२ मिलिमीटरच्या सळया १५० मिलिमीटर अंतराने, असा तपशील बँका थोड्याफार फरकाने वापरतात. तुमच्या बँकेचा आणि विमा कंपनीचा तपशील मागवून तोच पाळ. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून नको, भोवती माणूस फिरेल एवढी जागा हवी. वरून संडास-मोरीचा पाइप जायला नको. दाराची चौकट काँक्रीट ओतण्याआधी बसवायची आणि तिचे होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सळईच्या जाळ्यात अडकवायचे. भिंत आधी ओतून मग फोडून चौकट बसवली की भोवतीचा भरावच सगळ्यांत कच्चा राहतो, आणि चोर तिथेच हात घालतो. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकू देऊ नकोस, व्हायब्रेटर बंद पडला तर काम थांबव. पीपीसी सिमेंटला दहा दिवस पाणी. जोता तपासणीचा दाखला आल्याशिवाय वरचं काम नको, आणि बांधकाम परवानगी एकाच वर्षाची असते, मुदतवाढीचा अर्ज वेळेत कर.

रिझर्व्ह बँकेचं थोडक्यात: आर्थिकदृष्ट्या सक्षम व सुव्यवस्थापित या निकषात बसणाऱ्या नागरी सहकारी बँकांना जून २०२३ च्या घोषणेने वर्षाला एकूण शाखांच्या १० टक्के, जास्तीत जास्त ५, नव्या शाखा पूर्वपरवानगीशिवाय उघडायची मुभा दिली होती; आज लागू असलेला निकष तपास आणि तुमची बँक त्यात बसते का बघ. बसत नसेल तर परवानगी आधी. संचालकांना व्यवसाय सुरू करायचीच घाई असेल तर त्याच गावात मंजूर व्यापारी वापराचा, भोगवटा प्रमाणपत्र असलेला गाळा भाड्याने घ्या. शाखा तिथे चालू दे, भूखंडाचे कागद आपल्या गतीने होऊ देत.

साठेखत अजून नोंदवलेलं नाही, हे फार बरं झालं. त्यात तीन अटी घाल: बँक-वापराला लेखी मंजुरी मिळाल्यावरच खरेदीखत, ठरलेल्या मुदतीत ती न मिळाल्यास इसार पूर्ण परत, आणि फेरबदलाच्या व कलम १२७ च्या अर्जांवर मालकाने सह्या करायच्या. मालक तिसऱ्या अटीला कुरकुर करेल, पण ती सोडू नकोस, कारण नाव त्याचं असेपर्यंत अर्ज त्याच्याच सहीने जाणार. सोमवारच्या मंडळाच्या टिपणीत भूमिपूजनाची तारीख घालू नकोस. त्या जागी मागवलेल्या दाखल्यांची यादी आणि प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक लिही. मसुदा रविवारपर्यंत माझ्याकडे पाठव, अटींची भाषा मी बघून देतो.