‘शुअरली’ आणि ‘सर्टनली’ : खात्री कोणाची?

प्रश्न : ‘आय विल शुअरली कम’ असे मी एका कार्यालयीन पत्राच्या मसुद्यात लिहिले असता वरिष्ठांनी ‘शुअरली’ खोडून तेथे ‘सर्टनली’ घातले. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ ‘नक्कीच, खात्रीने’ असाच आहे. मग हा बदल कशासाठी? (एक वाचक)

उत्तर : कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आजच्या इंग्रजीत, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, ‘सर्टनली’ म्हणणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असते. ‘शुअरली’ म्हणणाऱ्याला ती तशी असावी असे मनापासून वाटत असते आणि समोरच्यानेही त्याला दुजोरा द्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. ‘ही सर्टनली नोज’ म्हणजे ‘त्याला माहीत आहेच’. ‘शुअरली ही नोज’ म्हणजे ‘त्याला माहीत असेलच ना?’ मराठीत शेवटच्या ‘ना’ने जे साधते, ते इंग्रजीत बहुधा वाक्याच्या आरंभी येणारे ‘शुअरली’ साधते, आणि म्हणूनच अशा वाक्यापुढे पुष्कळदा प्रश्नचिन्हही दिसते.

नकारात हा भेद सर्वांत ठळक होतो. पैसे उसने मागणाऱ्याला ‘सर्टनली नॉट’ असे उत्तर मिळाले, तर तो ‘मुळीच नाही’ असा स्पष्ट नकार असतो. उलट, एखादी अविश्वसनीय बातमी ऐकून कोणी ‘शुअरली नॉट!’ म्हणाले, तर त्यात ‘छे, असे कसे होईल?’ हा अचंबा असतो. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरल्यास ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच.

जुन्या इंग्रजी लेखनात मात्र ‘शुअरली’ निखळ खात्रीसाठी येत असे. 1611 च्या इंग्रजी बायबलमधील तेविसाव्या स्तोत्रात ‘शुअरली गुडनेस अँड मर्सी शॅल फॉलो मी’ असे आहे, तेथे शंकेला जागा नाही. ‘स्लोली बट शुअरली’ या वाक्प्रचारातही जुना अर्थ टिकून आहे. अमेरिकेत विनंतीला होकार देताना ‘शुअरली’ म्हणतात, आणि भारतीय इंग्रजीत तर ‘आय विल शुअरली कम’ इतके रूढ आहे की येथील वाचकाला ते खटकत नाही.

तेव्हा आपले वाक्य अशुद्ध नव्हते, हे आम्ही आग्रहाने सांगू. तथापि पत्र परदेशी जाणार असेल, तर ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनेटली’ वापरणे इष्ट. आणि येणे खरोखरच ठरले असेल, तर नुसते ‘आय विल कम’ पुरेसे आहे.