घर बांधताना फर्निचरही स्वतः करायचे असेल तर
घर आणि फर्निचर दोन्ही स्वतः करण्याचा आपला बेत उत्तम आहे, मात्र कपाट आणि पलंग यांना एवढ्यात हात लावू नका. नव्या गिलाव्यात व काँक्रीटमध्ये बरेच पाणी असते. ते सुकण्याआधी त्या खोलीत लाकूड ठेवले, तर ते ओलावा शोषून फुगते आणि पुढे आकसताना सांधे उघडे पाडते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. म्हणूनच टेबलाची रुंद फळी चौकटीला सर्व बाजूंनी चिकटवून जखडणे ही, माझ्या मते, नवशिक्याला सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

भिंतीतल्या कपाटाची मापे नकाशावरून नव्हे, तर गिलावा झाल्यावर प्रत्यक्ष भिंतीवरून, तीही वर, मध्ये आणि खाली अशी घ्यावीत.

पहिली वस्तू साधे बाकडे असू द्या. त्यासाठी करवत, रंधा (लाकूड तासून सपाट करणारे हत्यार), पटाशी (लाकूड कोरण्याचे धारदार पाते), गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) आणि धार लावण्याचा दगड एवढे पुरते. दगड टाळू नका, कारण बोथट पटाशीला जोर द्यावा लागतो आणि ती हातावर निसटते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही चौकटीचे कर्ण समान नसतील, तर ती काटकोनात नाही; गोंद सुकण्याआधीच ती सरळ करा. पॉलिशचा विचार बाकडे उभे राहिल्यावर करा.