हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी फ्लाय फिशिंगला (गळाला कृत्रिम माशी लावून करायच्या मासेमारीला) कोणत्या महिन्यात जावं?

पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ते जमत नसेल तर मार्च-एप्रिल. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत मादी तळाच्या खडीत अंडी घालते. तेव्हा परवाना मिळत नाही आणि मिळूही नये. मेअखेरपासून वितळत्या बर्फामुळे प्रवाहाला जोर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी इतकं गढूळ होतं की माशाला गळावरची माशी दिसतच नाही.

मार्चमध्ये पहाटेची घाई करू नका. पाणी बर्फासारखं गार असतं. ऊन चढल्यावर, अकरानंतर, मासा हलतो. तेव्हा तळालगत जाणारी निंफ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी दिसणारी कृत्रिम माशी) वापरा, मोठ्या दगडांमागच्या संथ पाण्यात.

मात्र एप्रिलमध्येही वर पाऊस झाला की दोन दिवस नदी गढूळ राहते, म्हणून हाताशी जादा दिवस ठेवा. परवाना मत्स्य विभागाकडून आधीच काढा.