लग्नात वाटायला 100 छोटे दोन मजली केक, दर काय लावू?

किलोच्या भावाने अजिबात देऊ नका. चार इंची थरावर अडीच इंची थर म्हणजे जेमतेम अर्धा किलो, पण क्रीमचे काम दोन केकचे. वरचा थर ठेवताना खालची कड हमखास दबते, पॅलेट नाइफने ती परत सारखी करावी लागते.

एक केक घड्याळ लावून करून बघा. समजा 25 मिनिटे लागली, तर शंभराला जवळपास 42 तास. तासाला 180 रुपये धरले तर एका केकची मजुरी 75, साहित्य 160, डबा-बोर्ड 35, वीज आणि नासधूस 30, असे 300 झाले. त्यावर 30 टक्के नफा धरून 390 सांगा.

‘शंभर घेतोय, कमी करा’ हे ऐकावं लागेलच. सूट द्या, पण घाऊक खरेदीत मैदा-क्रीमवर जेवढे वाचले तेवढीच. शंभरावा केकही पहिल्याइतकाच वेळ खातो, त्यामुळे मजुरीला हात लावू नका. पाच केक जास्तीचे करा, पोहोचवण्याचे पैसे वेगळे घ्या आणि निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय सामान आणायला जाऊ नका.