वाचक विचारतात : परग्रहवासी निघालेत की नुसती हूल?

प्रश्न : 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही मालिका पाहून माझी थिअरी अशी झाली आहे, की सान-ती या परग्रहवासीयांचं आरमार पृथ्वीकडे निघालेलंच नाही. ४०० वर्षांनी येतो ही नुसती हूल. माणसांनी धास्तीने आपसात भांडून संपावं, एवढाच डाव. हे टिकेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : (मालिका पाहायची असेल त्यांनी हे उत्तर तूर्त सोडून द्यावं.) थिअरी मोहात पाडणारी आहे, पण मालिकेने स्वतःच घातलेल्या नियमावर ती अडते. सान-तींच्या संपर्कात असलेला इव्हान्स त्यांना लांडगा आणि लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट वाचून दाखवतो, तो प्रसंग पुन्हा पाहा. लांडग्याने आजीचं सोंग घेतलं, हेच त्यांच्या पचनी पडत नाही. त्यांच्यात एकाच्या मनातलं दुसऱ्याला थेट कळतं, त्यामुळे खोटं बोलणं हा प्रकारच नाही. माणूस खोटं बोलतो हे समजताच ते घाबरतात आणि संपर्क तोडतात. अशांनी ४०० वर्षांची हूल दिली म्हणायचं, तर आधी हा प्रसंग खोडावा लागेल.

हिशेबही जुळतो. त्यांच्यापासून पृथ्वीचं अंतर साधारण सव्वाचार प्रकाशवर्षं. ते ४०० वर्षांत कापायला प्रकाशाच्या सुमारे एक टक्का वेग लागतो, म्हणजे सेकंदाला ३,००० किलोमीटरहून थोडा जास्त. एवढ्या काळात माणूस विज्ञानात आपल्या पुढे जाईल, ही त्यांची खरी भीती. म्हणून तर सोफॉन (प्रोटॉनएवढे संगणक) आधी पाठवून कण-त्वरकांमधले प्रयोग बिघडवले. यायचंच नव्हतं, तर हा खटाटोप कशाला?

तुमच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो पत्रात आलेला नाही. पहिल्याच भागात आकाशातले तारे उघडझाप करतात, शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे उलटी मोजणी दिसते. ही फसवणूकच आहे! म्हणजे बोलण्यात खोटं नाही, दाखवण्यात आहे. थिअरी इथून सुरू करा. मालिका पुन्हा पाहताना कागदावर दोन रकाने आखा : आरमाराबद्दल जे पात्रांनी ऐकलं ते एका बाजूला, सोफॉनने जे दाखवलं ते दुसऱ्या बाजूला; प्रत्येक नोंदीपुढे भाग आणि मिनिट. पुष्कळ थिअरी कोसळतात त्या ही दोन खाती एकत्र केल्यामुळे. आम्हाला तरी आरमार निघालेलं आहे असंच वाटतं, पण दुसरा रकाना भरून आला तर पुन्हा जरूर लिहा.

प्रश्न : त्या ग्रहाचे तीन सूर्य खरोखर असे बेभान फिरतात का? – अक्कलकोट

उत्तर : नाही. मूळ चिनी कादंबरीत हा ग्रह अल्फा सेंटॉरीचा आहे. ही तीन ताऱ्यांची व्यवस्था खरी आहे, पण शिस्तीची. ए आणि बी हे दोन तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फेरी घेतात. पृथ्वी-सूर्य अंतर एक धरलं तर त्यांच्यातलं अंतर ११ ते ३६ असं बदलतं. तिसरा, प्रॉक्सिमा, तब्बल १३,००० पट लांब आहे आणि त्याच्या एका फेरीला साडेपाच लाख वर्षं लागतात. इतक्या लांबून तो त्या दोघांची घडी विस्कटू शकत नाही. तिघे जवळजवळच्या अंतरावर असते, तर मालिकेतला गोंधळ खरा ठरला असता.

प्रश्न : तो तारा सोलापुरातून दिसेल? – होटगी रस्ता

उत्तर : दिसेल, पण जागा आणि वेळ नेमकी हवी. आपल्याकडे अल्फा सेंटॉरीला मित्र म्हणतात, तारकासमूह नरतुरंग. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंश उत्तर, ताऱ्याची क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) सुमारे ६०.८ अंश दक्षिण. त्यामुळे तो क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त साडेअकरा अंश येतो. हात ताठ करून मूठ धरली, तर मुठीच्या किंचित वर. ही उंची तो मेच्या सुरुवातीला रात्री साडेबाराच्या आसपास गाठतो, मेअखेरीस साडेदहाला. त्याआधी-नंतर दीडेक तास पाहता येतो. जूनमध्ये ढग येतात, तेव्हा मे सोडू नका.

विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या दिशेला जा. शहराचा उजेड पाठीमागे, उत्तरेला राहतो आणि दक्षिणेचं सपाट क्षितिज मोकळं मिळतं. अडचण धुळीची : तारा इतका खाली असल्याने त्याचा उजेड जाड हवेतून येतो आणि बराच मंदावतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची रात्र निवडा. त्याच्या उजवीकडे साधारण साडेचार अंशांवर मित्रक हा तारा आहे आणि तो आधी आपल्या सर्वांत जास्त उंचीवर येतो, म्हणून पुष्कळजण त्यालाच मित्र समजतात. क्षितिजाजवळ रंगावर विसंबू नका. दोघांत जास्त तेजस्वी तो मित्र. आणखी उजवीकडे त्रिशंकू हा तारकासमूह सापडला, की खात्री झाली. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १०० पट मोठं करून, हवा स्थिर असेल तर ए आणि बी वेगळे दिसतात. प्रॉक्सिमाचा नाद करू नका. तो अकराव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) आणि या उंचीवर लहान दुर्बिणीत मिळत नाही.

प्रश्न : सोफॉन चार प्रकाशवर्षांवर निरोप क्षणात कसा पोचवतात? – बार्शी

उत्तर : मालिकेत त्यासाठी क्वांटम गुंतागुंतीचा (दोन कण एकमेकांशी जोडलेले असण्याचा) आधार घेतला आहे. गुंतलेल्या कणांची मोजमापं परस्परांशी जुळतात हे खरं, पण त्यातून मजकूर पाठवता येत नाही : आपल्या कणाचं मोजमाप काय निघेल हे आपल्या हातात नसतं, आणि पलीकडच्यालाही आपले आकडे नेहमीच्या मार्गाने मिळाल्याशिवाय ताळा घेता येत नाही. थिअरी लिहिताना ही मालिकेने घेतलेली सूट म्हणून मान्य करा आणि पुढे जा.