नळयोजनेचा निधी : दोन्ही बाजूंचे आकडे खरे कसे?

प्रश्न : गावांत घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनसाठी विक्रमी निधी दिल्याचे सत्ताधारी सांगतात, तर विरोधकांच्या म्हणण्यानुसार पैसाच आलेला नाही. आमच्या गावात जलकुंभ उभा आहे, पण नळाला पाणी नाही. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : बहुतेक वेळा आकडे दोघांचेही खरे असतात, ते वेगवेगळ्या टप्प्यांवरचे असतात, एवढेच. योजनेला प्रशासकीय मान्यता मिळणे, तिच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होणे, तो निधी प्रत्यक्ष वितरित होणे आणि शेवटी कंत्राटदाराचे देयक चुकते होणे, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. सत्ताधारी पहिल्या दोहोंविषयी बोलतात आणि विरोधक शेवटच्या दोहोंविषयी. केंद्राचेच उदाहरण घ्या. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात या मिशनसाठी सुमारे ७० हजार कोटी रुपये दाखवले होते. सुधारित अंदाजात ती रक्कम २३ हजार कोटींच्याही खाली आली. पुढच्या वर्षासाठी पुन्हा ६७ हजार कोटींची तरतूद झाली आणि मिशनची मुदत २०२८पर्यंत वाढवण्याची घोषणाही. ‘विक्रमी तरतूद’ आणि ‘पैसा आला नाही’ ही दोन्ही विधाने यातूनच निघतात.

दुसरा गुंता वाट्याचा आहे. राज्यघटनेनुसार पाणीपुरवठा हा राज्यसूचीतील विषय असला, तरी २०१९मध्ये जाहीर झालेल्या या मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्र आणि राज्य यांचा वाटा निम्मानिम्मा ठरला. त्यामुळे हप्ता लांबला की राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र राज्याच्या खर्चाच्या हिशेबाकडे, आणि काम मात्र तिथेच थांबते. उद्घाटनाच्या वेळी श्रेय घ्यायला दोघेही हजर असतात, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मग ग्रामसभेत आम्ही नेमके काय विचारावे?

उत्तर : ‘किती कोटी मंजूर झाले?’ या प्रश्नावर वेळ घालवू नये. शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला मिळाला, किती कामाची मोजमापे नोंदवली गेली आणि त्यांपैकी किती देयके थकली आहेत, हे विचारावे. त्यानंतर उद्भवाविषयी, म्हणजे योजनेचे पाणी जिथून घ्यायचे त्या स्रोताविषयी विचारावे. माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट धरून योजना आखलेली असते, पण विहीर किंवा विंधनविहीर उन्हाळ्यात तेवढे पाणी देणार नसेल, तर सगळा निधी वेळेवर येऊनही नळ कोरडाच राहील.

राजकीय वादात सर्वांत कमी येणारा मुद्दा आहे तो देखभालीचा. केंद्र आणि राज्य यांचा पैसा मुख्यतः उभारणीसाठी असतो. पंपाचे वीजबिल, गळती आणि दुरुस्ती यांचा भार पुढे ग्रामपंचायतीवर येतो आणि तो बऱ्याच अंशी पाणीपट्टीतूनच भागवावा लागतो. पाणीपट्टी वाढवा, असे म्हणणे कोणत्याच पक्षाला निवडणुकीच्या तोंडावर परवडत नाही, म्हणून विधिमंडळातही त्यावर फारसे कोणी बोलत नाही. योजना ताब्यात घेण्यापूर्वीच वर्षाचे वीजबिल किती येईल आणि त्यासाठी प्रत्येक घराला किती पाणीपट्टी बसेल, याचा लेखी हिशेब ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडून मागून घ्यावा.