गाडीत कंपनीचा ॲम्प्लिफायर असताना बाहेरचा स्टिरिओ कसा जोडावा?

तुम्ही लिहिले आहे की जुना स्टिरिओ काढून नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून फक्त रेडिओवर आवाज येतो, ब्लूटूथ लावले की स्पीकर बंद पडतात, आवाज ५ च्या पुढे नेला की फाटतो आणि शून्यावर असतानाही मागे ‘सूं’ असा आवाज चालू राहतो. दुकानदार म्हणतो की कंपनीचा ॲम्प्लिफायर काढून स्पीकर थेट स्टिरिओला जोडू. हा सल्ला कृपया मानू नका.

कंपनीचा ॲम्प्लिफायर केवळ आवाज मोठा करत नाही. अनेक गाड्यांत कोणत्या स्पीकरला कोणते स्वर पाठवायचे तेही तोच ठरवतो, त्यामुळे तो काढल्यावर छोट्या ट्वीटरला (फक्त उंच स्वरांच्या स्पीकरला) जड बास मिळून तो जळू शकतो. शिवाय अशा संचांतले स्पीकर पुष्कळदा २ ओहमचे किंवा त्याहूनही कमी असतात (बोसच्या जुन्या संचांत हे हमखास आढळते), तर बाजारातल्या स्टिरिओचे आउटपुट साधारणपणे ४ ते ८ ओहमसाठी बनवलेले असते. ओहम जितके कमी तितका भार जास्त, आणि इतका भार स्टिरिओच्या आयसीला (आतल्या चिपला) सोसत नाही.

सुरुवात मल्टिमीटरने करा. किल्ली बंद ठेवून स्टिरिओमागचा कनेक्टर काढा आणि गाडीच्या बाजूच्या स्पीकर वायरींची एकेक जोडी ओहमवर मोजा. ३ ते ४ ओहम दिसले तर ती जोडी थेट स्पीकरकडे जाते, त्याहून कितीतरी जास्त दिसले तर मध्ये ॲम्प्लिफायर आहे. तुमच्याकडे तो आहेच, आणि ५ वरच आवाज फाटतो यावरून त्याला लहान सिग्नल हवा आहे असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. स्टिरिओची स्पीकर आउटपुटे ८ व्होल्टपर्यंत जातात. ॲम्प्लिफायरला देण्यासाठीचा लहान सिग्नल, म्हणजे लाइन सिग्नल, मात्र सहसा २ ते ४ व्होल्टचा असतो. मोठा सिग्नल लहान इनपुटात ढकलला की तो फाटतो, आणि स्टिरिओतला बारीक गोंगाटही वाढून ‘सूं’ म्हणून ऐकू येतो.

म्हणून पांढऱ्या, करड्या, हिरव्या आणि जांभळ्या स्पीकर वायरी मोकळ्या करून प्रत्येक टोक वेगवेगळे इन्सुलेट करा आणि स्टिरिओची आरसीए आउटपुटे (लाइन सिग्नल देणारी गोल सॉकेटे) वापरा. आरसीए केबलचे एक टोक कापून मधली तार ॲम्प्लिफायरच्या त्या चॅनेलच्या प्लसला आणि बाहेरची जाळी मायनसला सोल्डर करा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवा. एखाद्या चॅनेलचे प्लस-मायनस उलटे लागले तर आवाज येतो पण बास पोकळ होतो, तेव्हा जोडताना प्रत्येक जोडी पुन्हा तपासा. जाळी गाडीच्या बॉडीला लावू नका, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी अल्टरनेटरची शिटी ऐकू येण्याची शक्यता असते. तरीही ती आली तर आधी स्टिरिओची काळी अर्थ वायर तपासा. ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थमधून येणारा गोंगाट अडवणारे छोटे यंत्र) हा शेवटचा उपाय समजा.

स्पीकर आउटपुटच्या मायनसबद्दल विशेष जपा, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एका गाडीच्या ॲम्प्लिफायरला चार प्लस आणि एकच सामाईक मायनस होता, म्हणून मी स्टिरिओचे चारही मायनस पिळून त्यालाच जोडले. काही मिनिटांत जळका वास आला आणि स्टिरिओचा आउटपुट आयसी गेला. या स्टिरिओंमध्ये स्पीकरचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. चालू असताना प्लस आणि मायनस दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट असतात. आरसीए आउटपुटच नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल लाइन सिग्नलइतका लहान करणारे यंत्र) मध्ये घाला, थेट जोडणी टाळा.

ब्लूटूथवर आवाज न येण्याचे कारण वेगळे आणि सोपे आहे. ॲम्प्लिफायरला जागे करणारी वायर तुमच्या कारागिराने बहुधा निळ्या वायरीला जोडली आहे. ती अँटेनाची असते आणि पुष्कळ स्टिरिओंत रेडिओ चालू असतानाच तिच्यावर १२ व्होल्ट येतात. हवी ती निळी-पांढरी, जिच्यावर काही स्टिरिओंत ‘ॲम्प कॉन’ असे लिहिलेले असते. स्टिरिओ चालू असेपर्यंत ती चालू राहते. तिची क्षमता थोडीच असते, म्हणून तिच्यावर आणखी काही चालवायचे असल्यास रिले (विजेने चालणारा स्विच) लावा: त्याची ८५ क्रमांकाची पिन अर्थला, ८६ निळ्या-पांढऱ्या वायरीला, ३० फ्यूजमधून बॅटरीला आणि ८७ पुढे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजसारख्या काही गाड्यांत ॲम्प्लिफायरपर्यंतचा आवाज तांब्याच्या वायरीने नव्हे, प्रकाशतंतूने जातो. कनेक्टरमागे तसा तंतू दिसला तर तो कापू नका. त्या मॉडेलसाठी बनवलेला इंटरफेस घ्यावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत जुना स्टिरिओच परत बसवून ठेवा.